हसलेले बैल

अनारसा तुपात सोडला आणि तो पसरत पसरत कढईभर विरून गेला, की आमच्याकडे म्हणतात, अनारसा हसला. करणारी रडकुंडीला आलेली असते आणि अनारसा हसत असतो. मागच्या पोळ्याच्या आधी माझे बारा बैल असेच हसले. तुपात नव्हे, ओव्हनमध्ये. बैल चॉकलेटच्या कुकीचे होते.

झालं असं, की मी मूळची आर्वीची, वर्धा जिल्ह्यातली. पुण्यात येऊन सोळा वर्षं झाली. बोलणं पार पुणेरी झालं आहे असं आमच्या आईचं म्हणणं (आणि इकडच्यांचं म्हणणं नेमकं उलट), पण पोळा आला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. श्रावणी अमावस्येला मोठ्या बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, पोरांचा तान्हा पोळा. चाकांवरचा लाकडी बैल सजवायचा, गळ्यात दोरी बांधायची आणि ओढत न्यायचा. मग त्याला घेऊन घरोघरी फिरायचं आणि बोजारा गोळा करायचा. बोजारा म्हणजे बैलवाल्याला खुशीने द्यायची भेट: पैसे, खाऊ, काहीही. नागपुरात दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली तान्हा पोळा सुरू केला असं सांगतात. आमच्या जिल्ह्यात सिंदी रेल्वे या गावचा नावाजलेला, तिथले लाकडी नंदी पाहायला लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून गेलेली मी. आता आमच्या सोसायटीत विदर्भातली आठ-दहा घरं आहेत आणि बैल ओढायला मात्र साऱ्या महाराष्ट्राची पोरं येतात. ज्याच्याकडे बैल नसतो तो रिमोटची गाडी आणतो. चालतं.

तर मागच्या वर्षी मी सोसायटीच्या गटावर लिहून बसले: ‘आमच्याकडचा बोजारा यंदा घरचा. चॉकलेटचे बैल!’ खाली टाळ्यांचे पंचवीस हात पडले. चाळीस पोरं येणार होती आणि तोवर मी आयुष्यात आकाराची अशी एकही कुकी केली नव्हती.

साचा आणायला रविवार पेठेत, बोहरी आळीत गेले. केकचं सामान विकणाऱ्या दुकानात पत्र्याच्या कटरांची भिंतच लटकवलेली. बदाम, चांदणी, डायनासोरच पाच प्रकारचे, शिंगवाला घोडा, नाताळचं झाड, विमान, गिटार. ‘बैल?’ मी विचारलं. दुकानदाराने सगळी भिंत डोळ्यांखालून घातली. मग म्हणाला, ‘बैल नाही, ताई. रेनडिअर आहे. शिंगं कापून घ्या.’

जिथे शेतीच्या जोरावर गावंच्या गावं उभी राहिली, त्या मुलखात कुकीचा बैल मिळत नाही आणि रेनडिअर मिळतो, यावर मी रिक्षात बसून बरीच चडफडले. घरी येऊन औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, लेकीचा लाकडी बैल आडवा ठेवून पेन्सिलीने कड फिरवली आणि कात्रीने कापला. पुठ्ठा पिठावर ठेवायचा, धारदार सुरीने भोवतीनं कापायचं. एका बैलाला मिनिट लागतं. साच्याने दोन सेकंद लागले असते. पण आमचा बैल आमच्या बैलासारखा होता.

आता पीठ. मोबाईलवर चॉकलेट कुकी म्हणून शोधलं आणि जी पहिली सापडली ती केली. ब्राऊन शुगर, भरपूर लोणी, खायचा सोडा, कोको. चव विचाराल तर फार सुंदर. बारा बैल ताटात मांडले, आत सारले आणि काचेला नाक लावून बसले. तिसऱ्या मिनिटाला त्यांचे पाय जाड झाले. पाचव्या मिनिटाला पोटं खाली आली. सातव्याला पुढच्याचं शेपूट मागच्याच्या तोंडात गेलं आणि दहाव्या मिनिटाला ताटात एकच एक खडबडीत, चॉकलेटी, ताटाएवढी भाकर होती.

आई त्या वेळी आमच्याकडे आलेली. चष्मा पुसून तिने नीट पाहिलं. ‘हसले वं तुझे बैल.’ मग अजून वाकून, ‘हे इकडलं त डुक्कर होय.’

लेकीला ते तुकडे भयंकर आवडले. एकाला ती आफ्रिका म्हणाली, खाल्लाही. मला मात्र झोप आली नाही. कारण हसणं म्हणजे काय हे मला अनारशात कळत होतं: साखर जास्त, पीठ सैल, की जाळी धरण्याआधीच सगळं वाहून जातं. इथे वेगळं काय असणार? लोण्यात ऐंशी टक्के स्निग्ध आणि उरलेल्यात बहुतेक पाणी. ते बत्तीस-पस्तीस अंशांना वितळतं, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेलाही. मैद्यातला स्टार्च नि अंड्या-दुधातली प्रथिनं आवळून धरायला लागतात ती त्याच्या किती तरी पुढे. मधल्या काळात बैलाला उभं धरायला कोणीच नसतं. त्यात साखर विरघळून पीठ आणखी पातळ करते, आणि सोडा आतून फुगवून कडा ढकलतो. नैसर्गिक कोको आंबट असतो, सोड्याशी त्याची गाठ पडली की वायू सुटतो. गोल कुकीला हे सगळं मानवतं. तिला पसरायचंच असतं, पसरून तडे जाण्यातच तिचं रूप. नानकटाईचं तेच, तिला कोणी आकाराबद्दल बोलत नाही. बैलाला मात्र चार पाय असतात.

म्हणजे आकार हवा तर कुकीला जे जे आवडतं ते काढून घ्यायचं. सोडा बंद. ब्राऊन शुगर बंद, तिच्यात ओल असते. तिच्या जागी पिठीसाखर, तीही बेताची. लोणी कमी. करंजीच्या पारीत मोहन हात राखून घालतो तसं. दोन दिवस वहीत आकडे लिहून खोडल्यावर माझं प्रमाण ठरलं ते असं: मैदा २५० ग्रॅम, कोको ४० ग्रॅम, बिनमिठाचं लोणी १५० ग्रॅम, पिठीसाखर ११० ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि गोळा जमेल इतकंच थंड दूध, दोन-तीन चमचे. लोणी आणि साखर फेसायची नाहीत, नुसती एकजीव करायची. फेसलं की हवा भरते आणि हवा भरली की बैलाचं पोट सुटतं.

कोकोचं एक वेगळंच. कोकोची पूड मुळात आली ती डच माणसाच्या डोक्यातून. व्हॅन हाउटेन यांनी १८२८ साली कोकोच्या बियांतलं लोणी दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि मागे उरलेली पेंड दळली की पूड. सरकी-ढेपीच्या गावातून आलेल्या मला हे वाचून फार आपलेपणा वाटला; तेल काढलं की उरते ती ढेप, आणि ढेप बैलाची. पुढे त्या पुडीला अल्कलीची प्रक्रिया करून तिचा आंबटपणा मारला, रंग गडद झाला, ती ‘डच’ कोको. सोडा काढून टाकल्यावर मला ही डच पूडच सोयीची. आंबट चव मारायला सोडा नसतो, आणि बैलाला रंगही मातीचा न येता नांगरलेल्या काळ्या जमिनीचा येतो.

ही पूड पाणी फार पिते. त्यामुळे पीठ सुरुवातीला भुसभुशीत दिसतं आणि बाई घाबरून दूध ओतते. ओतायचं नाही. झाकून अर्धा तास ठेवायचं.

लाटताना खाली मैदा भुरभुरला तर भाजल्यावर अंगावर पांढरे ठिपके राहतात. माझा दुसरा घाणा सगळा बांडा निघाला. आईला तो आवडला. ‘बांडा बैल राहायचा आपल्या गोठ्यात,’ ती म्हणाली आणि त्याचं नाव, त्याची खोड, तो कोणाला विकला, सगळं सांगत बसली. मी तोवर भुरभुरायला मैद्याऐवजी कोको घेतला.

तिसरी गोष्ट जिने मला सगळ्यात जास्त छळलं, ती शिंगं.

लेकीचा लाकडी बैल मी इकडेच घेतलेला. शिंगं लांब, मागे झुकलेली, टोकाला बारीक. खिल्लारी जातीची. दिसायला देखणी, पण कुकीत ही शिंगं म्हणजे दोन अगरबत्त्या. अंग सहा मिलिमीटर जाड, मांडी रुंद, आणि डोक्यावर हे सुतासारखे फाटे. अंग भाजेपर्यंत शिंगं कोळसा. शिंगं बेताने भाजावीत तर पोट कच्चं. आणि चॉकलेटच्या कुकीत सगळ्यात मोठी पंचाईत ही, की करपलेलं दिसतच नाही. साधी बिस्किटं कडेला सोनेरी होतात, आपण काढतो. इथे कच्चा बैलही काळा आणि जळका बैलही काळा. तुकडा तोंडात घातल्यावर कडू लागतं तेव्हा कळतं.

आई म्हणाली, ‘काहून खिल्लारी करून राहिली तू? आपल्याकडला गवळाऊ कर न.’

मी हातातली सुरी ठेवली. गवळाऊ! आमच्या आर्वीकडची जात. अंगाने लांबोडकी, पांढरी ते राखाडी, कपाळ पुढे आलेलं आणि शिंगं आखूड. आखूड! आईने पेन्सिल घेतली. सत्तरी पार केलेली बाई, बोटं थोडी थरथरतात, पण पाठीची रेघ तिने एका दमात ओढली. वशिंड, मान, गळ्याखालची पोळी, मग पुढचे दोन पाय जुळवून एक, मागचे दोन जुळवून एक. शेपूट मांडीला चिकटलेलं. शिंगं म्हणजे दोन आखूड टेंगळं. ‘मातीचे बैल असेच करत असतो आम्ही,’ म्हणाली. ‘सुटं ठेवलं की तुटते.’

मातीला जे कळत होतं तेच पिठाला लागू. बारीक, सुटा अवयव ठेवायचा नाही. जे बारीक आहे ते जाड अंगाला टेकवून ठेवायचं. पुढे मी केकचं काम करणाऱ्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, तिला हे पत्र्याचे शंभर कटर विकत घेऊन कळलं होतं.

बाकी मग सरावाने आलं. पीठ बटर पेपरच्या दोन घड्यांमध्ये लाटायचं. कापलेले बैल उचलायचे नाहीत, भोवतालचं पीठ उचलायचं. उचललेला बैल लांबतो, त्याचा कोल्हा होतो. बटर पेपरसकट ताट फ्रीझरमध्ये पंधरा मिनिटं, दगडासारखे झाले की थेट गरम ओव्हनमध्ये. श्रावणात पुण्यात हवा इतकी ओली असते, की ओट्यावर पाच मिनिटं पीठ राहिलं तरी बोटाला चिकटू लागतं. म्हणून मी गोळ्याचे चार भाग करून तीन कायम फ्रीजमध्ये ठेवले. उरलेलं पीठ पुन्हा मळून लाटलेले बैल भाजताना आकसतात आणि आखूड होतात, मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे त्यातलं चिवट प्रथिन, ताणलं गेलेलं असतं. ते बैल आम्ही वासरं म्हणून मोजली.

आणि भाजणं नाकाने. आमचा ओटीजी (घरचा छोटा ओव्हन) बटणावर १७० अंश दाखवतो तेव्हा आत किती असतं हे त्यालाच ठाऊक. थर्मामीटर ठेवून पाहिला तर मागच्या कोपऱ्यात बरंच जास्त निघालं. म्हणून घड्याळ नावालाच, दहा-अकरा मिनिटं. सातव्या-आठव्या मिनिटाला आधी लोण्याचा वास येतो, मग चॉकलेटचा. चॉकलेटचा वास घरभर झाला, हॉलमधून लेक ‘झाले का’ ओरडली, की समजायचं दोन मिनिटं उरली. बैलाच्या अंगावरची ओली चकाकी जाऊन तो मंद, कोरडा दिसायला लागतो. तेव्हा बाहेर. हाताला मऊच लागतो आणि हात लावला की पाय मोडतो. ताटातच निवू द्यायचा. निवल्यावर कडक होतो. ते मिनिटभरही ज्यांना धीर धरवला नाही त्यांनी केलेले लंगडे बैल आम्ही चहाबरोबर संपवले. ते मिनिट न थांबणाऱ्यांत मी होते.

झूल आईची. पिठीसाखरेत थेंबथेंब दूध घालून दाटसर लेप, कागदाच्या पुंगळीतून पाठीवर चौकोन, आणि त्यावर रंगीत बडीशेपेचे दाणे एकेक करून चिमटीने. पंचेचाळीस बैल. रात्री बारा वाजता ती बत्तिसाव्यावर होती. मी म्हटलं, ‘आई, राहू दे, पोरं एका घासात मुंडकं खातील.’ ‘खाऊ दे न,’ म्हणाली आणि पुढचा दाणा उचलला.

लहानपणी ती कणीक मळत असली की लाटण्याशेजारी बसून मी भुणभुण करायची. मग एक सुपारीएवढा गोळा मिळायचा. त्याची चिमणी करायची: एक चिमटा चोच, एक चिमटा शेपूट, डोळ्याला मोहरी. ती तव्याच्या कडेला भाजायची आणि बाहेरून करपलेली, आतून कच्ची चिमणी मी तूप-गूळ लावून खायची. तसली पोळी मी ताटात कधी घेतली नसती. आत्याच्या लग्नातलं रुखवत आठवतं. साखरेचं तुळशीवृंदावन, त्याला चार कोपऱ्यांवर चार दिवे, पानाफुलांची करंजी. बायकांनी आठ दिवस हात मोडले होते. ते कोणी खाल्लं आठवत नाही, मुंग्यांनी बहुतेक. संक्रांतीला हलव्याचे दागिने असतात, बोरन्हाणाला बाळाला मुकुट घालायचा आणि मुकुट घातल्या घातल्या बाळाने तो चाटायचा. गुढीपाडव्याला गाठी असतात. लाकडी साच्यात दोरा ठेवून वर साखरेचा पाक ओततात. हॉलंडमध्ये सेंट निकोलसच्या सणाला, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, अशाच कोरीव लाकडी साच्यातून मसाल्याची बिस्किटं काढतात. हे कळल्यावर मला डच लोकांशी माझं कोकोपलीकडेही नातं असल्याचं वाटू लागलं.

पोळ्याच्या सकाळी शेजारच्या काकू बैल पाहायला आल्या. कौतुक केलं. मग जरा थांबून म्हणाल्या, ‘पण गं, पूजेचा बैल. खायचा म्हणजे... बरं वाटतं का?’

खरं सांगायचं तर हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आलं आणि खाडकन लागलं. आपण बैल पुजतो, त्याला पुरणपोळी भरवतो, आणि मी त्याच्या पाठीवर बडीशेप लावून पोरांना वाटणार. डायनासोर खायला काही वाटत नाही, त्याला कोणी कुंकू लावलेलं नसतं. मी आईकडे पाहिलं. ती पुरण वाटत होती. मान वर न करता म्हणाली, ‘साखरेचे हत्ती-घोडे खाल्ले न आपण. देव काय रागावला का?’ काकू हसल्या. जाताना एक घेऊन गेल्या, नातवाला म्हणून. तरी मला ते उत्तर पुरतं पटलं असं नाही. मी पूजेच्या ताटात कुकी ठेवली नाही. ताटात लाकडीच ठेवला.

त्याच्याही आधी, आदल्या संध्याकाळी एक झालं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून सोललेल्या बैलाच्या खांद्याला लोणी आणि हळद चोळतात, आणि त्याच्या कानात सांगतात: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. पुण्यात चौथ्या मजल्यावर कोणाचा खांदा मळणार? आई स्वयंपाकघरात आली. कुकीचं उरलेलं लोणी वाटीत होतं, शंभर रुपयांचं बिनमिठाचं, परदेशी नावाचं. तिने त्यात बोटभर हळद टाकली, कालवली आणि लेकीच्या लाकडी बैलाच्या मानेला लावली. नीट चोळली, खऱ्या बैलाला चोळावी तशी, केसांच्या दिशेने. मग त्याच्या लाकडी कानाशी वाकली.

‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’

ओट्यावर ताटात पंचेचाळीस गवळाऊ निवत होते. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं, मग आजीकडे. ‘आजी, यांना पण सांग ना.’

आजी हळदीचे हात घेऊन क्षणभर उभी राहिली. ‘यायले काय सांगू बापा,’ म्हणाली, ‘हे जेवायला नाही येऊन राहिले.’

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पाच वाजता खाली बैल जमले. कोणी बेगड लावलेला, कोणाच्या शिंगांना फुगे. ‘एक नमन गौरा पार्वती’ म्हटल्यावर ‘हर हर महादेव’ इतकं जोरात आलं की वॉचमनकाका खुर्चीतून उठले. बोजाऱ्याची रांग लागली. मी पिशवीतून एकेक बैल काढून हातावर ठेवत होते. भाकित खरं ठरलं. मुंडकं आधी. चाळीसपैकी पस्तिसांनी तरी मुंडकं आधी खाल्लं, उरलेल्यांनी बडीशेप नखाने काढून मग मुंडकं. एक मुलगी म्हणाली, कुत्रा छान झालाय. आई वरच्या पायरीवर बसून मोजत होती, किती जणांना शेवटपर्यंत बैल दिसला ते.

रांग संपली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचा सगळ्यात धाकटा आला. तीन-साडेतीन वर्षांचा. त्याच्याकडे लाकडी बैल नव्हता, रिमोटची गाडीही नव्हती. कुकी हातात घेऊन तो खाईल म्हणून मी पाहत राहिले. त्याने ती कट्ट्यावर उभी धरली. आईने जुळवून काढलेल्या दोन पायांवर. मग तोंडाने हुर्रर्र केलं आणि ती पुढे सरकवली. एक वीतभर गेली. कट्ट्याच्या खरबरीत फरशीवर मागचा पाय खटकन मोडला.

त्याने पाय उचलला, तोंडात टाकला, आणि तीन पायांचा म्हणावा की एका पायाचा, तो बैल परत हुर्रर्र करत पुढे घेऊन गेला.